सगळी पिल्लं पांढरी

१

मालक सापडले तेव्हा गुडघ्यांवर बसलेले होते आणि त्यांचं कपाळ सगळ्यात खालच्या क्रेटच्या कडेला टेकलं होतं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, माणूस काहीतरी शोधतोय. शोधतच होते. दोन्ही मुठींत एकेक पांढरं पिल्लू होतं. मालकही मेलेले आणि पिल्लंही.

अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या त्या हॅचरीत सगळे या खोलीला 'गपचूप खोली' म्हणत. न्हाणीघराएवढी जागा, जाड दार, दाराला एक गोल काच. अंड्यातून निघालेली नर पिल्लं क्रेटमध्ये भरून इथे आणायची, दार लावायचं, बाहेरचं बटण दाबून कार्बन डायऑक्साइड सोडायचा. आतला चिवचिवाट थांबला की पंखा लावून वायू बाहेर काढायचा. अंड्यांच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि त्याच्या अंगावर मांसही चढत नाही. त्याला दाणे घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं मालक सांगत.

नर ओळखायलाही डोकं लागत नसे. तांबडा कोंबडा आणि पांढरी कोंबडी अशी जोडी लावली की मादी पिल्लं तपकिरी निघत आणि नर पांढरे. तपकिरी विक्रीच्या खोक्यांत, पांढरी गपचूप खोलीत.

इन्स्पेक्टर बाई दारात उभ्या होत्या. हवालदारानं विचारलं, "आत जाऊ?"

"पंखा अजून थोडा चालू दे. आणि गेलास तरी वाकू नकोस. हा वायू जड असतो, तळाशी साचून राहतो. उभ्या माणसाला नुसतं गुदमरल्यासारखं होतं. वाकलेला दोन श्वासांत आडवा."

भिंतीवर तेच लाल रंगात लिहिलं होतं, आणि मालकांनी स्वतः लिहून घेतलं होतं: खाली वाकू नये.

"पंखा कुणी बंद केला होता?"

"मुकादमानं! दुसरं कोण करणार?" मागून मालकांचे धाकटे भाऊ ओरडले. शर्टाची बटणं खालीवर लागलेली, डोळे लाल. "काल दादानं सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली काढली. आज यानं डाव साधला. बेड्या घाला आणि न्या, बाई. फाशीच व्हायला पाहिजे."

मुकादम भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या दंडाला एका शिपायानं धरलं होतं, पण धरायची गरज नव्हती. तो हलत नव्हता.

बाई निवडीच्या टेबलाकडे वळल्या. एका बाजूला विक्रीच्या खोक्यांची रास होती. त्यांनी वरचं उघडलं, मग खालचं, मग त्याच्या खालचं. सगळी रिकामी.

"तपकिरी पिल्लं कुठायत?"

मुकादम पहिल्यांदाच बोलला. "आज निघालीच नाहीत, बाई. सगळी पांढरी."

२

"सगळी पांढरी," बाईंनी त्याला स्टुलावर बसवत विचारलं, "आणि तू ती सगळी आत टाकलीस?"

"पांढरं म्हणजे नर."

"एका दिवशी नुसते नरच निघाले, याचं नवल नाही वाटलं?"

"वाटलं की." त्यानं गालावर हात फिरवला. तिथे अजून बोटं उमटलेली होती. "काल एका ट्रेला ऊब कमी लागत होती. मी मालकांना विचारलं, असं का? ते म्हणाले, तुला विचारायला ठेवलाय की उचलायला? आणि दिली ठेवून. आज म्हटलं, आपण कशाला विचारा. उचलली."

"मग?"

"बटण दाबलं. गप झाली. पंखा लावला आणि हात धुवायला गेलो. परत आलो तर पंखा बंद, दार लोटलेलं, आणि काचेतून मालकांची पाठ."

"दुसरं कुणी दिसलं?"

"पिल्लं निघण्याच्या दिवशी सगळेच येऊन-जाऊन असतात. धाकटे मालक फाटकाशी गाड्या लावून घेत होते. ताई ऑफिसात. मालकीणबाई मालकांचा चहा घेऊन आल्या होत्या." त्यानं मान वर केली. "बाई, इतकी वर्षं मी तेच बटण दाबतोय. मला माणूस मारायचा असता तर मी पंखा बंद करून स्वतःकडे बोट कशाला दाखवीन?"

प्रश्न बरोबर होता, पण न्यायालयात त्याची किंमत शून्य होती. पंखा मुकादमाच्या ताब्यात, बटण मुकादमाच्या ताब्यात, गालावर कालची थप्पड. बाईंच्या साहेबांचा फोन येऊन गेला होता: संध्याकाळपर्यंत अटक दाखवा. अटक दाखवली की हा माणूस सुटत नाही, हे बाईंना अनुभवानं माहीत होतं.

"हे रंगाचं प्रकरण पहिल्यापासून आहे?"

"नाही. आधी इथे बायका ओळीनं बसायच्या. पिल्लू उलटं करायचं, शेपटीखाली बघायचं, नर डावीकडे, मादी उजवीकडे. मग मालकांनी रंगाची जोडी आणली आणि बायकांना घरी पाठवलं." तो कडवट हसला. "एक सोडून. तिच्याशी लग्न केलं."

धाकट्यांना राहवेना. "काय जुनी मढी उकरतोस! बाई, याला न्या. घरात आधीच कमी भानगडी नाहीत. दादा पुढच्या महिन्यात दुसरं लग्न करणार होता."

"पहिली बायको असताना?"

"मुलगा नको का? वहिनीनं एक मुलगी दिली आणि..." त्यांनी हात झटकला. "तिला माहेरी धाडायचं ठरलं होतं. त्याचा खुनाशी काय संबंध?"

बाई उठल्या. "वहिनी कुठे आहेत?"

३

घर हॅचरीला चिकटूनच होतं. मधलं दार थेट स्वयंपाकघरात उघडायचं. मालकीणबाई ओट्याशी पाटावर बसल्या होत्या. रडलेल्या दिसत नव्हत्या, न रडण्याचा प्रयत्न करत असल्यासारख्याही नाहीत. समोर पुठ्ठ्याचं खोकं, त्यावर लोंबता बल्ब. खोक्यात पांढरी पिल्लं ऊब घेत होती.

"माफ करा, आत्ता विचारावं लागतंय," बाई म्हणाल्या.

"विचारा की. चहा घ्याल?"

"नको. मालकांचं तुम्हाला माहेरी पाठवायचं ठरलं होतं?"

"पेटी काढून ठेवली होती त्यांनी. स्वतः. तेवढं काम केलं माझ्यासाठी." मालकीणबाईंनी एक पिल्लू उचललं, त्याची चोच वाटीतल्या पाण्यात बुडवली. मग वाटाण्याची शेंग सोलावी तशी ते उलटं केलं, अंगठा शेपटीखाली दाबला, सरळ करून खाली ठेवलं. बघितलंसुद्धा नाही. हात दुसऱ्या पिल्लाकडे गेला.

"राग आला असेल."

"राग दाखवणाऱ्या बाईला पेटी दाराबाहेर मिळते. मला घरात मिळाली."

"आज सकाळी काय झालं?"

"चहा दिला. कपात साय आली म्हणून ओरडले. मी परत आले." त्यांनी हातातलं पिल्लू खाली ठेवलं. "मुकादमाला नेणार का?"

"बहुतेक."

"हं," मालकीणबाई म्हणाल्या. त्या हुंकारात दया नव्हती.

"ही पिल्लं इथे कशी?"

"असतात घरात. पोरीला आवडतात."

बाई दारापर्यंत आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. मधल्या दारात एक मुलगी उभी होती. अंगावर ऑफिसचा पांढरा कोट, चेहराही कोटाच्याच रंगाचा. ही ताई. मालकांची एकुलती एक मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला.

ती म्हणाली, "मुकादमाला नेऊ नका. बाबा वायूनं मेले ते नंतरचं. आधी हे बघा की ते आत का गेले. त्या क्रेट्समध्ये अर्ध्या माद्या आहेत."

"तुला कसं माहीत? कुणी तपासलेलं नाही अजून."

ताईनं खालचा ओठ दातांत धरला.

४

ती बोलली ते कोंबड्यांच्या शेडमध्ये गेल्यावर, जाळीपाशी. आत पांढऱ्या कोंबड्या आणि मधूनमधून तांबडे कोंबडे.

"तुम्ही विज्ञान शिकलात?"

"प्राणिशास्त्र. विसरले बरंच. सावकाश सांग."

"कोंबडीकडे लिंग ठरवणारी दोन वेगळी गुणसूत्रं असतात. एक ती मुलाला देते, दुसरं मुलीला. आमच्या मूळ कोंबड्यांचा पांढरेपणा मुलाला मिळणाऱ्या गुणसूत्रावर होता. त्यामुळे आईचा पांढरा रंग फक्त मुलांना जायचा. मुलींना तो मिळायचाच नाही, मग बापाचा तांबडेपणा वर यायचा. एवढंच आमच्या धंद्याचं गुपित."

"आणि आज सगळ्यांना मिळाला."

"म्हणजे तो पांढरेपणा वेगळा होता. पांढरं दिसण्याची दुसरी तऱ्हा असते. तो गुण साध्या गुणसूत्रावर बसतो, मुलगा-मुलगी बघत नाही. आणि दांडगा असतो. त्याची एक प्रत मिळाली तरी खालचे सगळे रंग झाकून टाकतो. तशा कोंबडीला कुठलाही कोंबडा लावा, पिल्लं सगळी पांढरी." ताईनं जाळीत बोटं अडकवली. "या आमच्या कोंबड्या नाहीत. दिसायला त्याच. आतून दुसऱ्या."

बाईंनी वळून पाहिलं. धाकटे मालक मागोमाग आले होते आणि आता शेडच्या छताकडे बघत होते.

"कधी विकल्यात?" बाईंनी विचारलं.

"काय विकल्या? काहीही काय—"

"अंडी तीन आठवडे मशीनमध्ये असतात. आज निघालेलं पिल्लू म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीची साक्ष आहे. तेव्हा शेडची किल्ली कुणाकडे होती हे मुकादम सांगेलच. तुम्ही आधी सांगितलंत तर बरं दिसेल."

धाकट्यांनी खांदे पाडले. "कोंबडी ती कोंबडी! पांढरी ती पांढरी! पलीकडच्या हॅचरीवाल्याला आमच्याच पाहिजे होत्या. मी त्या दिल्या आणि तशाच दुसऱ्या आणल्या. अंडीसुद्धा तशीच तपकिरी. दादाला तरी कळलं का कधी?"

"काका, लाख पिल्लं तुम्ही दरवर्षी विकता," ताई म्हणाली, "आणि ती कशी होतात हे एकदाही बघावंसं वाटलं नाही?"

"तू गप गं. पुस्तकातली शहाणी."

हवालदार बाईंच्या कानाशी लागला. "हाच. भाऊ सत्य कळल्यावर फाडून खाईल म्हणून यानंच दार लावलं."

"फाटकाशी किती गाड्या आहेत?"

"दहा-बारा. सगळे पिल्लं न्यायला आलेत."

"कुणी बोलावल्या?"

"यांनीच."

"आज एकही विकण्यासारखं पिल्लू निघणार नाही हे ज्याला माहीत असेल, तो गिऱ्हाइकांना फाटकापर्यंत बोलावून स्वतःची शोभा करून घेईल? हा चोर आहे. पण यानं काय चोरलं हेच याला कळलेलं नाही. अडाणीपणानं वाचला." बाईंनी नजर ताईवर वळवली. "मालकांना कुणीतरी सांगितलं की आत माद्या मरतायत. म्हणून ते धावले आणि वाकले. सांगणाऱ्यानं पंखा बंद केला. म्हणजे सांगणाऱ्याला ते आधी माहीत होतं. इथे हा हिशेब मांडता येणारं माणूस एकच दिसतंय मला."

ताईचे डोळे भरले, पण ती मागे हटली नाही.

"मीच सांगितलं," ती म्हणाली. "मीच मारलं त्यांना. मुकादमाला सोडा."

५

कबुली इतक्या लवकर आली की बाईंना ती टोचली. त्यांनी स्वयंपाकघरातलं खोकं मागवून जनावरांच्या दवाखान्यात पाठवलं होतं. डॉक्टर उत्तर घेऊन स्वतःच आले.

"सगळ्या माद्या," ते म्हणाले. "खोक्यात एकही नर नाही. पांढऱ्या पिल्लांतून डोळे मिटून उचलली असती तर अर्धे नर असायला हवे होते."

"म्हणजे कुणीतरी निवडून काढल्या."

"अर्थात. आणि जिवंत आहेत म्हणजे वायू सोडण्याआधी."

बाईंनी ताईला निवडीच्या टेबलाशी बसवलं. मशीनमध्ये उशिरा फुटलेली काही पिल्लं अजून ओली होती. बाईंनी तो ट्रे तिच्यापुढे सरकवला.

"खोकं तूच भरलंस ना? मग यातल्या माद्या काढ."

ताईनं एक पिल्लू उचललं. उलटं केलं. पिल्लू केकाटलं, तिनं घाबरून पकड सैल केली. शेपटीखाली डोकावली, उजेडाकडे धरलं, पुन्हा डोकावली. कपाळावर घाम आला. "मादी," म्हणाली. दुसरं. "नर." तिसरं बराच वेळ धरून ठेवलं. शेवटी दोन ढीग झाले.

डॉक्टरांनी दोन्ही ढीग तपासले आणि मान हलवली. "निम्मी बरोबर, निम्मी चूक."

"नाणं उडवलं असतं तरी इतकंच जमलं असतं," बाई म्हणाल्या. "तुला माहीत आहे की अर्ध्या माद्या असतात. कुठल्या अर्ध्या, ते माहीत नाही. ते पुस्तकात नसतं."

"मी सकाळी नीट बघितलं होतं. आत्ता हात थरथरतायत."

"दुसरं सांग. तू जाऊन बाबांना म्हणालीस, बाबा, पांढऱ्यांत माद्या आहेत. ते काय म्हणाले असते?"

ताई ढिगांतली पिल्लं परत ट्रेमध्ये ठेवू लागली.

"मुकादमानं एक साधा प्रश्न विचारला तर त्याला थप्पड मिळाली. तुझं कॉलेज त्यांच्या लेखी काय होतं?"

"पोपटपंची," ताई पुटपुटली.

"इतकी वर्षं रंगावर चाललेला माणूस. रंग खोटा आहे हे त्याला सांगितलं, तर तो हसेल किंवा मारेल. धावत जाऊन, स्वतःच लिहिलेली पाटी विसरून वाकणार नाही. तो वाकला, म्हणजे त्याला सांगणाऱ्याच्या शब्दाबद्दल तिळभर शंका नव्हती. असा शब्द या आवारात कुणाचा आहे?"

ताई ताडकन उठली. "तिला यात आणू नका. तुमच्या पाया पडते. तिनं आयुष्यात—"

"दे इकडे तो ट्रे," मधल्या दारातून आवाज आला.

६

मालकीणबाईंनी पदर खोचला आणि मुलीला कोपरानं बाजूला सारलं. "सरक. पिल्लू असं धरतात का? आतडं बाहेर येईल त्याचं."

"आई, काही करू नकोस. प्लीज. एकालाही हात लावू नकोस."

मालकीणबाईंनी हात लावला. पिल्लू उलटं, अंगठा, सरळ, उजवीकडे. उलटं, अंगठा, सरळ, डावीकडे. त्या हाताकडे बघतही नव्हत्या. बघत होत्या इन्स्पेक्टर बाईंकडे. ट्रे रिकामा झाला तेव्हा खोलीत फक्त चिवचिवाट होता.

डॉक्टरांनी तपासलं. "एकही चूक नाही."

"या बोटांवर भाळूनच लग्न केलं त्यांनी," मालकीणबाई म्हणाल्या. "म्हणायचे, हिची बोटं चुकत नाहीत. बाकी सगळी मी चुकले, बोटं नाही."

"सकाळी काय झालं ते सांगा."

"चहा घेऊन जाताना पिल्लं दिसली. सगळी पांढरी. सवयीनं एक उचललं, मादी. दुसरं, मादी. मुकादम माझ्यासमोरच क्रेट भरत होता."

"थांबवलं असतंत तर सगळी वाचली असती."

"असती. मी मूठभर वाचवली आणि बाकीची जाऊ दिली. आत खऱ्या माद्या नसत्या तर ते वाकले नसते. खोटं त्यांना लगेच कळायचं." आवाज भाजी निवडताना असावा तसा होता. "मुकादम हात धुवायला गेला, मी ऑफिसात गेले. ही तिथेच बसली होती. म्हटलं, तुमच्या माद्या आत आहेत, मी हातानं बघितल्या. कप टाकून पळाले ते. असं पळताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं."

"मग पंखा बंद केलात."

"दार पण लोटलं. मी काचेतून बघत होते. ते खालच्या क्रेटपर्यंत गेले. दोन पिल्लं उचलली. मुली होत्या म्हणून वाकले. बघा बाई, मुलींसाठी वाकले."

ताई तोंडावर हात घेऊन रडत होती. बाईंनी हळूच विचारलं, "पेटी काढली म्हणून?"

"पेटीचं काय! ताईनंतर चार वेळा दिवस गेले मला. चारही वेळा तपासून घेतलं, चारही वेळा मुलगी. सकाळी नेलं, दुपारी रिकामी घरी आणलं. ते म्हणायचे, नर की मादी हे कोंबडीच ठरवते, कोंबड्याचा त्यात काही हात नसतो. तुझ्यातच खोट आहे. मी इथेच वाढले, इथेच शिकले. कोंबडीचं तसंच असतं, मला माहीत होतं. मला पटलं. मी त्यांची माफी मागायचे, बाई. दर वेळी. दवाखान्यातून येताना गाडीत."

"आणि मग?"

"मागच्या महिन्यात ही कांदा चिरत होती. परीक्षेचं काहीतरी घोकत होती. म्हणाली, गंमत बघ आई, पक्ष्यांत आई ठरवते आणि माणसांत उलटं, बाप. मी शेगडी बंद केली. म्हटलं, परत सांग."

"मला काय माहीत होतं!" ताई ओरडली. "मी नुसतं पाठ करत होते!"

"तुझं काय चुकलं? खरं तेच बोललीस."

इन्स्पेक्टर बाईंना वाटलं, गप्प बसावं. पण शिकलेलं स्वस्थ बसू देत नाही. "तसं बघितलं तर बापही ठरवत नाही. नाणं उडतं, काहीही पडतं. चूक कुणाचीच नसते."

"असेल. नाणं त्यांच्या खिशातलं होतं ना? आणि चूक कुणाचीच नव्हती तर शिक्षा चार वेळा मलाच का?"

बाई प्राणिशास्त्र सोडून पोलिसाच्या कामावर आल्या.

"मुकादमाला आम्ही नेला असता," बाई म्हणाल्या. "त्याला काय मिळालं असतं हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही बोलला नसतात."

"पोरगी मध्ये पडली नसती तर नसते बोलले." मालकीणबाईंनी पदर सोडला आणि हात पुढे केले. "थप्पड खाऊन त्याचा हात थरथरला असेल. ती पिल्लं आत ढकलताना कधी थरथरला नाही."

७

मुकादम त्याच संध्याकाळी सुटला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला. दुसरीकडे कुठे जाणार होता? हॅचरी आता धाकट्यांची होती. कोंबड्या विकल्याचा गुन्हा पोलिसांनी लिहून घेतला होता, पण तक्रार करणारा मालक मेलेला आणि नवा मालक चोर स्वतःच.

त्यानंतर दोनच दिवसांनी धाकटे ठाण्यात आले. बटणं नीट लागलेली.

"बाई, जरा नाजूक काम आहे. आज पुढची बॅच निघाली. आधीच मशीनमध्ये ठेवलेली अंडी, त्याच नव्या कोंबड्यांची. सगळी पांढरी. गाड्या फाटकाशी उभ्या आहेत."

"मग?"

"अर्ध्या माद्या आहेत हे आता मलाही माहीत आहे. पण कुठल्या? मुकादमाला येत नाही, ताईला येत नाही. बोटांनी ओळखणाऱ्या सगळ्या बायका दादानं कधीच घालवल्या. पुतणीला म्हटलं शिकून घे, तर ती खोलीचं दार उघडत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "वहिनीला दोन तास सोडता का? शिपाई सोबत द्या. बेडी एका हाताला असली तरी तिला जमतं. नाहीतर सगळीच आत टाकावी लागतील. दाणा कुणाला परवडतो?"

बाई उठून कोठडीकडे गेल्या.

मालकीणबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. जेवणाचं ताट तसंच पडलं होतं. बाईंनी निरोप सांगितला, एक शब्द न वगळता.

"सगळी पांढरी?" मालकीणबाईंनी विचारलं.

"सगळी."

मालकीणबाईंनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं. मग पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"भाऊजींना सांगा," त्या म्हणाल्या, "माझं अभिनंदन करा म्हणावं. सगळे मुलगेच झालेत."